लिंबाखालचे विश्वस्त

ओल्या वाळूवर भरलेली घागर टेकवताना एक जड, घुसमटलेला आवाज होतो. माझे वडील, अण्णा, मला आधी त्या आवाजाने आठवतात; चेहरा मागाहून येतो. चैत्राचे ऊन वेरूळच्या रस्त्यावर पांढरे होऊन पडलेले, धर्मशाळेच्या ओसरीत गारव्याची एक अरुंद पट्टी, आणि तिच्यात वाकलेली त्यांची उंच, किंचित पोक आलेली आकृती. रांजणात पाणी ओतताना ते घागर पुरती उपडी करत नसत. तळाशी ओंजळभर राखून परत नेत. रिकामी घागर घेऊन वाटसरूच्या समोरून जाऊ नये, असे ते मानत.

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबाद हळूहळू सावरत होते, तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी त्यांना या धर्मशाळेचे आणि आतल्या लहानशा महादेवाचे पंच केले. पुढे कायदा आला, सार्वजनिक न्यास म्हणून नोंद झाली आणि पंचांचे विश्वस्त झाले. अण्णांच्या तोंडी मात्र पंच हाच शब्द राहिला. बैठकीची रीतही तीच राहिली. सोमवारची आरती झाली की महादू गुरव ताटलीत अक्षता घेऊन प्रत्येकाच्या दारी जाई, उंबऱ्यावर चिमूटभर ठेवी आणि म्हणे, "चला अण्णा, देवानं बोलावलंय."

"देवानं का चहानं?"

"देव कुठं चहा पाजतोय? चहा माझ्या घरचा हाय. लई बोलू नका, निवतोय."

एवढ्यावर दोघे हसत निघत.

जुने पंच एकेक करून गेले. त्यांच्या जागी शिकलेली, घाईत असणारी मुले आली. नव्या चिटणिसाला त्याच्या वडिलांच्या जागी अण्णांनीच आग्रहाने बसवले होते. तो व्यवस्थित माणूस होता. त्याने अक्षता बंद केल्या आणि टपालाने नोटिसा सुरू केल्या. अण्णांनी पहिली नोटीस वाचली, घडी घातली आणि फडताळात ठेवली. आपल्याच माणसाला कोणी टपालाने बोलावते, हे त्यांना पटलेच नाही. बैठकीच्या दिवशी ते नेहमीसारखे धर्मशाळेत गेले, रांजण भरले आणि अंगणातल्या लिंबाखाली बसून राहिले. आत बैठक चालली होती, बोलणे त्यांच्या कानावर येत होते. कोणीतरी बोलवायला येईल म्हणून ते थांबले. पुढच्या बैठकीला तसेच, त्याच्या पुढच्या बैठकीलाही तसेच. लागोपाठ तीन बैठकांना जो आला नाही त्याचे पद जाते, असा नियम होता. तो लागू झाला. अण्णांचे नाव काढून दुसऱ्याचे लावावे, असा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला आणि अण्णांनी त्याला हरकत घेतली.

"मला खुर्ची नको," ते मला म्हणाले. "पण काढलेला पंच म्हणून जायचं नाय मला."

त्यानंतर आमच्या घरात ऋतू सुनावणीच्या तारखांच्या मागून येऊ लागले. पानगळ एका तारखेची, मोहोर दुसऱ्या तारखेचा. अण्णा धर्मशाळेत जाईनासे झाले. संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, डोळ्यांवर आडवा हात धरून, ते नुसते आत पाहत. उतरते ऊन त्यांच्या पांढऱ्या टोपीवर थोडा वेळ थांबे आणि मग भिंतीवर जाई. मी हाक मारली की ते लगेच वळत, जणू तिथे त्यांचे काही काम नव्हतेच.

साक्षीच्या दिवशी आमच्या वकिलांनी त्यांना बजावले होते, "नोटीस मिळाली नाही, एवढंच म्हणा." समोरच्या वकिलाने तेच विचारले. अण्णांनी टोपी सारखी केली.

"मिळाली."

"मग हजर का राहिला नाहीत?"

"हजर होतो की. लिंबाखाली. बोलावणं नाय आलं."

मागे कोणीतरी हसले. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. अण्णांचे हात कठड्यावर स्थिर होते. खिडकीतल्या प्रकाशात त्या हातांच्या शिरा वाळलेल्या ओढ्यांसारख्या दिसत होत्या.

निकाल व्हायच्या आत, माघातल्या एका सकाळी, अण्णा गेले. पुढच्या तारखेला मी एकटीच गेले. वकील म्हणाले, "ताई, हे पद वारशानं येत नाही. माणूस गेला की त्याची हरकतही संपते." मी मान हलवली. मला वाईट वाटायला हवे होते. मी भिंतीवरच्या पंख्याचे फिरणे पाहत होते. अर्ज मंजूर व्हायला फारसा वेळ लागला नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात चिटणीस उभा होता. त्याचेही केस आता पिकले होते. बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "खिडकीतून दिसायचे ते, ताई. आम्हीबी वाट बघायचो. वाटायचं, आता उठतील, आत येतील."

त्याच्यावर राग धरावा, इतकेही काही माझ्यात शिल्लक नव्हते. आत टंकलेखन यंत्र एका लयीत वाजत होते आणि दुपार शहाबादी फरशीवरून सावकाश सरकत होती.

माणूस गेला की त्याची जागा रिकामी होते, असे आपण धरून चालतो. अण्णांची जागा ते असतानाच भरली गेली. त्यामुळे त्यांची उणीव कुठे ठेवावी, ते मला या गावात सापडत नाही, आणि काळ पुढे सरकतो तशी तीही, मुकाट, माझ्याबरोबर चालत राहते.