धाडकन

लाखनीच्या आमच्या जिममध्ये बार आपटणं हीच खरी ताकद. संघपाल सर म्हणतात, आवाज हायवेवरच्या ट्रकवाल्याला ऐकू गेला पाहिजे. माझा जायचा, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

भंडाऱ्याच्या निवड स्पर्धेत तो उतरला. डेडलिफ्टमध्ये बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं आणि पंचाने 'डाऊन' म्हटलं की हातात धरूनच खाली ठेवायचा. संधी तीन. मी दोनदा एकशेदहा किलो सहज उचललं आणि दोनदा धाडकन टाकून दिलं. दोन्ही वेळा पंचांचे लाल दिवे, म्हणजे बाद. तिसरी संधीही गेली तर त्या दिवसाची सगळी मेहनत पाण्यात आणि राज्याच्या संघातली जागाही जाणार होती.

प्रत्येक फेरीत कमी किलो उचलणारीची पाळी आधी, म्हणून माझ्यानंतर तुमसरची उर्वशी आली. राष्ट्रीय पदकं मिळवलेली. बारवर एकशेऐंशी किलो. तिने उचललं, पाय थरथरत होते. पंचाने इशारा द्यायला वेळ लावला, तरी ती उभीच. मग तिने बार भरली घागर ठेवावी तसा खाली ठेवला. एवढंच ना, म्हटलं, आता मीही तसाच ठेवते.

तिसऱ्या वेळी उचललं. 'डाऊन' ऐकलं. गुडघ्यापर्यंत जपून आणलं आणि तिथे बोटं आपोआप सुटली. धाडकन. डोक्याला कळलं होतं, पण बोटांना कोण सांगणार?

पोटभर रडून झाल्यावर मी उर्वशीताईंना गाठलं आणि हे कुठे शिकलात म्हणून विचारलं.

"शिकाचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "माही खोली वरच्या माळ्यावर, किरायाची. बारही तिथंच. खाली घरमालकीण सीताबाई. आवाज झाला का खोली खाली करा म्हणते. म्हणून रोज हळूच ठेवून राहिली मी, कितीक वर्षापासून."

दुसऱ्या दिवशी जिममध्ये मी मोठ्या प्लेटा काढून हलक्या लावल्या. उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं, ठेवलं. थोड्या वेळाने संघपाल सरांनी बाहेरूनच विचारलं, "काहून वो तृप्ती, आज आवाज नाही? बसूनच राहिली का?"

मी बोटं आणखी घट्ट आवळली. बार नुकताच गुडघ्याखाली आला होता.