इंजिन वर का आलं नाही

माझ्या दुकानात इंजिन येतं ते आधी घरचे उपाय करून येतं. कुणी तार गुंडाळलेली असते, कुणी हातोडी घातलेली असते. सगळं करून थकले की मग मिस्त्रीणबाई आठवते, आणि वर विचारणार, "संध्याकाळपर्यंत होईल ना?" जशी काही मी जादूगारच!

कप्तानही तसेच आले, एक हात कमरेवर ठेवून. कप्तान हे धक्क्यावरच्या लोकांनी ठेवलेलं नाव. बोट केवढीशी, तर बारा माणसं बसली की तेराव्यानं उभं राहायचं. पण डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस दचकावा. जन्मभर या काठाची माणसं त्या काठाला नेली.

त्यांचं इंजिन बोटीच्या मागच्या फळीला टांगलेलं, पंखा खाली पाण्यात. काठ जवळ आला, पाणी उथळ झालं की बटण दाबून ते वर उचलायचं, नाहीतर पंखा दगडावर आपटतो. उचलायचं काम एक छोटा पंप तेलाच्या जोरावर करतो. कप्तानांचं इंजिन गेलं वर्षभर बटणानं उचलतच नव्हतं. ते दोरी बांधून हातानं ओढत होते. शेवटी कंबर धरली, तेव्हा आले.

"ही सगळी जावईबापूंची कृपा," ते म्हणाले. "दगडावर आपटून मोडून ठेवलं आणि निघून गेले."

ती गोष्ट धक्क्यावर कुणाला ठाऊक नाही? जावई त्यांच्या बोटीवरच काम करायचा. मऊ स्वभावाचा, सासऱ्याला देव मानणारा. त्या दिवशी पाणी उतरलेलं होतं, बोट भरलेली. कप्तान पुढे दोर धरून उभे, जावई मागे इंजिनापाशी. कप्तान ओरडले, "उचला!" इंजिन उचललं गेलं नाही. पंखा दगडावर आपटला, माणसं एकमेकांवर कोसळली, एका बाईंचा हात मोडला. जावई पांढराफटक. म्हणाला, "बाबा, मी बटण दाबलं होतं." झालं! एरवी जावईबापू, अहो-जाहो. त्या दिवशी कप्तान अरे-तुरेवर आले. "दाबलंस तर इंजिन काय झोपलं होतं? नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!" लोक हसले. जावई मान खाली घालून उभा राहिला.

मुलगी नवऱ्याला घेऊन लांबच्या शहरात गेली, कडेवर तान्हं लेकरू. जाताना बापाला सांगून गेली, "यांची माफी मागाल तेव्हाच या घरात पाऊल टाकीन." कप्तानांनी मागितली नाही. चूक त्याची आणि माफी मी मागू? नातवंड चालायला लागलं ते आजीनं फोनवर पाहिलं. फोनमध्ये बापाचा आवाज आला की पोरगी म्हणायची, "आई, ठेवते."

असो. मी इंजिन वर ओढून आधी टेकू लावला. टेकू न लावता खाली हात घालणारा माणूस ती चूक एकदाच करतो. मग टेकू काढून बटण दाबलं. टक् आवाज आला, पंप गुरगुरला. म्हणजे बॅटरी ठीक, तारा ठीक. इंजिन दोन बोटं वर आलं आणि पुन्हा खाली बसलं. बाजूला एक स्क्रू असतो, हातानं उचलायचं तर तो सैल करावा लागतो. सैल राहिला तरी असंच होतं. कप्तान हातानं ओढणारे, म्हणजे तो सैलच असणार. होताच. आवळला. तरी तेच.

"कप्तान, आपटून मोडलं म्हणालात ना? मग उचलायचा दांडा वाकायला हवा. हा बघा, सरळसोट आहे."

"आत काहीतरी मोडलं असेल."

"तुम्ही बोट चालवा हो. आतलं मला बघू द्या."

तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि वास नाकात गेला. माझं डोकंच सणकलं. आतल्या रबरी सील बाहेर काढल्या तर भिजत घातलेल्या चण्यासारख्या फुगलेल्या, बोटानं दाबल्या की तुकडे पडत होते. असल्या सील तेलाचा जोर धरणार कशा? बटण हजारदा दाबलं तरी इंजिन उठायचं नाही.

"यात ब्रेक ऑइल कुणी ओतलं?" मी ओरडलेच.

"मी ओतलं. का?"

"का म्हणजे? कप्तान, यानं या पंपाचं रबर सडतं!"

"मला काय ठाऊक? इंजिन हळू उचलायला लागलं होतं. जावई मागे लागले होते, मिस्त्रीणबाईंना दाखवू, दाखवू. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला ती कशाला? गाडीचं ऑइल घरात पडलेलं होतं. तेलासारखं तेल."

"कधी ओतलंत?"

"तेव्हाच. ते आपटलं ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात..."

एवढं बोलून ते थांबले. माझ्या हातातल्या त्या फुगलेल्या रबराकडे बघत राहिले. मग टोपी काढली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे त्यांनी बटण दाबलं होतं," ते हळूच म्हणाले.

"दाबलं होतं."

मला वाटलं, म्हातारा आता कोसळतोय. पण झालं भलतंच. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडावर हुशारी आली. "मग सोपं झालं की हो! चूक माझीच निघाली. माफी मागतो, पोरगी घरी येते. आत्ताच फोन लावतो." मग मला म्हणाले, "तुम्हीच सांगता का? मला नीट जमायचं नाही."

"अजिबात नाही. चारचौघांत बोललात ते स्वतःच्या तोंडानंच ना? आता हेही स्वतःच बोला."

इंजिनापाशी जन्म काढल्यानं त्यांना ऐकू कमी येतं. फोनचा आवाज कायम मोठा. त्यामुळे पुढचं सगळं मीही ऐकलं. मुलीनं फोन उचलला. कप्तान म्हणाले, "ठेवू नकोस. जावईबापूंना दे. माफी मागायची आहे मला." मग जावयाचा आवाज आला.

"बोला, बाबा. तब्येत बरी ना?"

"जावईबापू, इंजिन उघडलं आज. तेल चुकीचं मी घातलं होतं. तुम्ही बटण दाबलं होतं. मी चुकलो. मला माफ करा."

"असू द्या हो, बाबा. माफी कसली? बटण मीच उशिरा दाबलं."

कप्तान गोंधळले. "नाही हो! दाबलं होतंत. तुम्हीच म्हणाला होतात तेव्हा."

"तेव्हा म्हणालो. घाबरला की माणूस काहीही बोलतो. नंतर शांतपणे विचार केला. तुम्ही एवढी वर्षं पाण्यावर काढलीत, तुम्ही उगाच नाही बोलणार. माझाच हात अडखळला असणार." मग हसत हसत सांगायला लागला, "इथे गोदामात पेट्या उचलायची गाडी शिकवत होते मला. मी नको म्हटलं. माझ्या हातून कुणाला लागलं तर? त्यापेक्षा पाठीवरून वाहतो, ते बरं."

मला राहवलं नाही. फोनजवळ तोंड नेऊन मी ओरडले, "अहो, मी मिस्त्रीण बोलतेय! सील माझ्या हातात आहेत, सडलेल्या! तुमचा काडीचा दोष नाही!"

"तुम्ही बाबांना बरं वाटावं म्हणून म्हणताय, कळतं मला," तो म्हणाला. "त्यांना सांगा, जिवाला लावून घेऊ नका. पुढच्या महिन्यात सुट्टी मिळते, आम्ही येतो. बाळालाही आणतो. पण बोटीवर नका हं बोलावू, बाबा. मी काठावरच थांबेन."

कप्तानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऐका हो माझं," ते म्हणत होते, "ऐका, पाया पडतो तुमच्या," तोवर फोन मुलीच्या हातात गेला होता.

"बाबा, वर्षभर मी रोज तेच सांगतेय त्यांना. 'तुमची चूक नाही, तुमची चूक नाही.' माझं कुठे ऐकलं? त्यांना तुमचंच पटतं." आणि तिनं फोन ठेवला.

कप्तान माझ्याकडे वळले. "मग आता का पटत नाही?" त्यांनी विचारलं.

मी त्या सडलेल्या सील त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "आता चांगलं तेल ओतलं तरी या जोर धरतील का, कप्तान?"