बारा कधी येणार?

मित्रांनो, मी एक जुना डंबेल आहे. वाऱ्याने बाल्कनीचे दार आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवले आहे. येणारा-जाणारा मला दगडच समजतो. पण माझ्या अंगावर ठोकलेला आठाचा आकडा नीट पाहिला तर अजून वाचता येतो. आठ किलो, हेच माझे सारे मोठेपण.

मला एका टर्नरने घडवले. कारखान्यातल्या निकामी शाफ्टचा तुकडा त्याने लेथवर चढवला आणि माझा मधला भाग आपल्या मुठीच्या मापाने कातला. तुकडा एकापुरताच होता, म्हणून मला जोडीदार नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो मला उजव्या हाताने बारा वेळा उचले, मग डाव्या हाताने बारा वेळा. घरात बाप-लेक दोघेच. मोजायचे काम लेकीचे. ती स्टुलावर बसून मुद्दाम घोळ घाली.

"नऊ, दहा, अकरा, नऊ, दहा..."

"मास्तर, आज बारा येतंय की नाही?"

"आधी हात सरळ करा बाबा, मग येईल!"

अशी वर्षानुवर्षे गेली. साठी उलटल्यावरही तो भरलेला सिलिंडर एकटा आत आणी. शेजारी म्हणत, "काका, लाजवता हो आम्हाला." तो म्हणे, "उद्या चहाच्या आधी या, तुम्हालाही शिकवतो." कोणी आले नाही.

मग त्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले, "सहा आठवडे वजन उचलायचं नाही. नंतर हळूहळू सुरू करा." लेक इतकी घाबरलेली होती, की तिच्या कानात 'वजन उचलायचं नाही' एवढेच राहिले. तिने मला दाराशी आणून ठेवले. सहा आठवडे सरले, सहा महिने सरले. तो पिशवीला हात लावी तोवर ती उचललेली असे. बरणीचे झाकण तिने आधीच सैल केलेले असे. माया होती ती. तिला दोष कसा देऊ?

पहिले काही आठवडे काहीच दिसले नाही. मग सदऱ्याच्या बाह्या दंडावर ढिल्या झाल्या. वजनकाट्यावर आकडा तोच, म्हणून लेक खूश. दंड-मांड्यांतले मांस गेले आणि तेवढीच चरबी पोटावर आली, हे काटा सांगत नाही. मी जमिनीवर. मला पावले दिसत. ती आधी उचलली जात, आता घासत जाऊ लागली. खुर्चीतून उठताना तो दोन्ही हात गुडघ्यांवर रेटी, आणि कोणी पाहिले तर नाही ना, ते बघे.

एके दिवशी त्याने वाकून मला धरले. मी वीतभर उचललो गेलो. त्याहून वर नाही.

"मास्तर, याचं वजन वाढलंय का गं?"

"राहू द्या ना बाबा. आता कुणाला दाखवायचंय?"

त्याने मला खाली ठेवले. माझ्यावर गंज चढला होता, त्याचे पापुद्रे गळत होते. मित्रांनो, मी तर थोडा हलकाच झालो होतो.

पुढच्याच महिन्यात उंबरठ्याला पाय अडखळला. त्याने दाराची मूठ धरली, पण हाताला आता शरीर पेलवेना. खुब्याचे हाड मोडले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी विचारले, "यांनी व्यायाम का सोडला होता?"

"डॉक्टर नको म्हणाले होते."

बाईंनी जुन्या ऑपरेशनच्या फाइलमधला कागद तिच्यापुढे धरला. "सहा आठवडे, असं लिहिलंय."

लेक तो कागद वाचत उभी राहिली. उरलेसुरले बळ अंथरुणाने खाल्ले. चौथ्या महिन्यात तो गेला.

मित्रांनो, मला पुसा, जपा असे मी म्हणणार नाही. लोखंडाचे काय एवढे! पण घरातल्या थकल्या माणसाच्या हातातली पिशवी ओढून घेताना जरा थांबा. तिच्याबरोबर आणखी काय काढून घेतो आहोत, ते त्या दिवशी दिसत नाही. आठ किलो झेपत नसतील तर एक द्या. पण हात रिकामा करू नका.

काल सकाळी लेकीने मला उचलले. माझी मूठ तिच्या हाताला मोठी पडते, म्हणून दोन्ही हातांनी. ती मोजू लागली. नऊ, दहा, अकरा. तिथे थांबली. मग हळूच म्हणाली, "नऊ."

आज बारा येतंय की नाही, असे कोणी विचारले नाही.