वरच्या मजल्यावरचा दिवा

धाकट्या जावेकडे दिवा आला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. दिवा तरी काय, छतातून लांब वायरीने टेबलावर लोंबणारं अ‍ॅल्युमिनियमचं उलटं पातेलं! बाहेरून शेवाळी, आतून पांढरं, गळ्याशी पितळेची कडी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी असे दिवे करत म्हणे, आता लोक ते हौसेने शोधून आणतात. "भंगारात गेलेलं परत घरात आणायचं, याला म्हणे आवड!" थोरली नवऱ्याला म्हणाली. नवरा जेवत होता. त्याने हो की नाही ते कळणार नाही अशी मान हलवली.

खरी आग सासऱ्यांमुळे लागली होती. सासूबाई गेल्यापासून अकरा वर्षं ते खाली थोरलीकडेच राहत. त्यांचं पथ्य, त्यांच्या गोळ्या, त्यांचे मोजे, सगळं हिच्या तोंडपाठ. धाकटी वरच्या मजल्यावर, नोकरीवाली, कुणाला चहा विचारायचंही भान नसलेली. आणि आता सासरे रोज संध्याकाळी पेपर काखेत मारून जिना चढायचे. "तिच्याकडे उजेड चांगला आहे गं," एवढंच म्हणायचे आणि दोन-दोन तास खाली यायचे नाहीत. वरून हसण्याचे आवाज यायचे. राबायचं एकीने आणि कौतुक दुसरीचं, असं पुटपुटत थोरली भांडी आपटायची.

महिन्याभरात तिने हट्टाने तसाच दिवा मिळवला. त्याहून मोठा, शेंदरी.

"वरच्यापेक्षा वीतभर खाली टांगा," तिने वायरमनला बजावलं.

"डोकं आपटेल, ताई."

"आपटू दे. उजेड तिच्यापेक्षा जास्त पडला पाहिजे."

संध्याकाळी तिने सासऱ्यांना नव्या दिव्याखाली बसवलं आणि हातात पेपर दिला. बेत असा, की ट्यूबलाइट विझवून दिवा लावायचा, म्हणजे फरक डोळ्यांत भरेल. तिने बटणावर बोट ठेवलं तोच सासरे म्हणाले, "वा! काय झकास उजेड आहे. वरच्यापेक्षा कितीतरी चांगला. अक्षर न् अक्षर दिसतंय."

तिने बटण अजून दाबलंच नव्हतं. खोलीत जुनी ट्यूबलाइटच जळत होती.

थोरली त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, पहिल्या पानावर काय छापलंय?"

सासऱ्यांनी पेपर जवळ नेला, लांब धरला, मग घडी घालून बाजूला ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले तीनेक महिने. मधलं सगळं पुसल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं."

"डॉक्टरकडे कोणाबरोबर गेलात?"

"धाकटीबरोबर. पेपरही तीच वाचून दाखवते."

दिव्याचा हेवा परवडला, अशी कळ थोरलीच्या काळजात उठली. मोजे आपण शोधून द्यायचे आणि मनातलं मात्र तिला सांगायचं! "मी काय परकी होते?"

"परकी असतीस तर सांगितलंच असतं," सासरे म्हणाले. "तिला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं, चला डॉक्टरकडे. संपलं. तू रडली असतीस. ते मला बघवलं नसतं गं."

थोरलीच्या डोळ्यांना केव्हाच धार लागली होती, हातभर अंतरावर, अगदी त्यांच्यासमोर. सासरे तिच्याकडे तोंड करून वाट पाहत राहिले.

"गप्प का झालीस?" ते म्हणाले. "रागावलीस का?"