तांदूळ घरचा

सकुबाईचा हिशेब सोपा होता आणि त्याला कुणी चूक म्हटलेलं तिला खपत नसे. तांदळाच्या पापडांची चाळीस पाकिटं, पन्नासला एक; धसईच्या बाजारात दोन हजार आले. पापडखार, जिरं, पिशव्या आणि टमटमचं भाडं मिळून पाचशे गेले. दीड हजार नफा! आणि तरी सून म्हणते, सोमवारपासून कंपनीत जाते. डोकं फिरलंय पोरीचं, दुसरं काय!

"तांदूळ कुठं धरलात, आई?" प्रियांकानं विचारलं.

"तांदूळ घरचा."

"आन् लाकडं?"

"ती पण घरचीच गो!"

"तोच तांदूळ विकला असता तर सहाशे आले असते. लाकडांचे शंभर. उरले आठशे. दोघींनी तीन दिवस राबून माझ्या वाट्याला चारशे. कंपनीत तीन दिवसांचे, गाडीभाडं जाऊन, सातशे."

"घरच्या माणसाला कसली मजुरी?"

"म्हणून तर चालले. तिथं मी घरची नाय."

सकुबाईच्या ते वर्मी लागलं. नफा गेला खड्ड्यात, पण ही आल्यापासून पापड लाटताना घरात हसणं-खिदळणं सुरू झालं होतं. ही गेली की दिवसभर भिंतींशीच बोलायचं.

"पाकीट कितीला विकलं तर ऱ्हाशील?" तिनं घुश्शातच विचारलं.

"सत्तरला. मग दोघींना आठशे-आठशे पडतात. पण तुमच्यानं व्हायचं नाय. सगळा बाजार तुमच्या घरचा!"

खोटं नव्हतं ते. सोमवारच्या आधीच्या बाजारात पहिली आली ती भाविका, सकुबाईच्या बहिणीची लेक. भाव ऐकून तिनं डोळेच मोठे केले.

"सत्तर? मला पण? घरच्या माणसाला चाळीसला दे की, मावशी!"

सकुबाईचा हात सवयीनं पाकिटाकडे गेला. प्रियांका मान खाली घालून पिशव्या लावत होती, पण कान सगळे इकडेच.

"घरची ना तू?" सकुबाई म्हणाली. "मग घरच्या सुनेची मजुरी कशाला कापतेस गो?"

भाविका फणकारली, पुटपुटली, आणि सत्तरच्या भावानंच दोन पाकिटं घेऊन गेली. त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत बसावं लागलं, पण टोपली रिकामी झाली.

सकुबाईनं भर बाजारात सुनेच्या हातावर आठशे मोजले.

"आन् तुमचे?"

"माझे कशाला? मी तर..." तिनं जीभ चावली.

प्रियांकानं हसत तिच्या वाट्याचे आठशे तिच्या हातावर ठेवले. उभा जन्म घरात राबली होती सकुबाई. कामाचे पैसे असे हातावर आजवर कुणी ठेवले नव्हते. तिचे डोळे भरले. तिनं नोटा मुठीत घट्ट धरल्या आणि नाक ओढत म्हणाली, "जा, कंपनीवाल्याला फोन लाव. सांग त्याला, मला टाइम नाय."