चांदीचा पान्हा

गावात कोण खोटं बोलतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण डेअरीवर दूध मी मोजून घेतो. माणूस काहीही सांगेल, पण घागर आलीच नाही की बोलणं संपलं. त्या आठवड्यात शेजारच्या वहिनी चार दिवस दूध घेऊन आल्या नाहीत, तेव्हा मी त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या उस्तादला, हटकलं.

"म्हैस आजारी आहे," तो म्हणाला. "गुरांच्या दवाखान्यात ठेवलीय."

"डॉक्टर कालच इथं चहा पिऊन गेले. दवाखान्यात एक शेळी आहे फक्त."

उस्तादनं मान खाली घातली. हे नाव त्याला पडलं ते मोबाईलवरच्या विमानाच्या खेळामुळं. पैसे लावले की पडद्यावर विमान वर चढतं, ते गायब व्हायच्या आत आपले पैसे काढून घ्यायचे. ह्याचं विमान पहिल्याच दिवशी वर गेलं आणि जाताना अक्कल घेऊन गेलं. आधी शेतातला पंप विकला, मग वहिनींच्या कानातलं, आणि आता चांदी म्हैस दलालाच्या दावणीला. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या त्या एका म्हशीवर घर चालत होतं. वहिनींनी माहेराहून पारडी आणून ती हातानं वाढवली होती. मला त्याच्या कानाखाली दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या, पण शेजारधर्म आडवा आला.

आता गंमत ऐका. त्याच खेळाच्या कंपनीला दानधर्माची उबळ आली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, तशातली गत. गावातल्या सगळ्यांत गरीब बाईला दुभती म्हैस द्यायची, तिनं धार काढतानाचा व्हिडिओ करायचा आणि जगाला दाखवायचा. आमच्या पुढाऱ्यानं सगळ्यांत गरीब बाई शोधली ती स्वतःची मेव्हणी. तिच्या घराला दोन मजले आहेत.

शाळेच्या मैदानात मांडव पडला. कंपनीचे साहेब आले, टेम्पोतून लाल फीत बांधलेली म्हैस उतरली, आणि वहिनींनी माझा दंड असा धरला की तीन दिवस वळ होता.

"भाऊजी, ही माझी चांदी."

दलालानं इकडून घेतली अन् तिकडं कंपनीला विकली होती. उस्ताद खांबाआड गेला. खांब बारीक होता, उस्ताद जाड.

दुधाच्या धारेचा आवाज नीट यावा म्हणून साहेबांनी माईक बादलीपाशी ठेवायला लावला. मेव्हणीबाई भरजरी साडी सावरत खाली बसल्या. चांदीनं पान्हा चोरला. बाईंनी थोपटलं, चुचकारलं, चारा घातला. शेवटी चांदीनं लाथ घातली आणि बादली पुढाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसली.

"दूध का देत नाही ही?" साहेबांना घाम फुटला. "सगळीकडे थेट दिसतंय हे."

"तिला वहिनींच्याच हाताची सवय आहे," मी ओरडलो. "त्यांना बसवा."

सवय हाताची तर होतीच, पण खरी सवय वेगळी होती, आणि ती मला माहीत होती. गेली चार वर्षं वहिनी धार काढताना चांदीला नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत. ती ऐकल्याशिवाय चांदी पान्हाच सोडत नसे.

वहिनी बसल्या. कासेला हात लावला आणि सुरू झाल्या.

"काय सांगू बाई तुला. मेल्यानं पंप घालवला."

पहिली धार पडली. माईकमुळं ती वेशीपर्यंत ऐकू गेली.

"कानातलं घालवलं. कशात? तर ह्या साहेबांच्या विमानात."

दोन धारा सुरू झाल्या. लोक हसायला लागले, मागचे बाकांवर चढले.

"आणि मग तुला विकलं गं माझ्या बाई, मला न विचारता. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

बादलीत फेस चढला. वहिनी रडत होत्या आणि धार काढत होत्या.

"माईक बंद करा," साहेब म्हणाले.

"करा की," वहिनी मागं न बघता म्हणाल्या. "मी गप्प बसले की ही दूध थांबवते. मग दाखवा जगाला रिकामी बादली."

माईक चालूच राहिला. बादली काठोकाठ भरली तेव्हा दावं वहिनींच्या हातात देण्यावाचून साहेबांना गत्यंतर नव्हतं. तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, "ताई, कंपनीसाठी दोन शब्द?"

"माझीच म्हैस मला दिलीत, उपकार झाले. पुढच्या वेळी एवढा फेरा घालू नका. खेळ बंद करा, म्हैस गोठ्यातच राहील."

उस्तादनं खांबाआडून येऊन सगळ्यांदेखत मोबाईल बायकोच्या हातात दिला आणि चांदीचं शेण काढायला लागला. तेव्हापासून तो इतका सुधारलाय की पंचाईत झाली. गाऱ्हाणी संपली, चांदीचं दूध आटायला लागलं. घागर अर्धी यायला लागली तेव्हा मलाच काळजी पडली.

आता परत भरून येते. काय केलं म्हणून वहिनींना विचारलं.

"काही नाही हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता कंपनीला शिव्या देते."