लाटा नसलेली नाव

आमच्या शाळेतले उस्ताद नझमी भौतिकशास्त्र शिकवतात आणि कॉम्प्युटर म्हटलं की जेवण विसरतात. मी गणिताचा, खडूवाला. तरंगण्याच्या धड्यासाठी त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर पाणी, पाण्यावर नाव. बटण दाबलं की एकेक माणूस चढायचा आणि नाव तेवढी खाली बसायची.

"पोरांना खेळणी दाखवून शिकवता होय?" मी टोमणे मारायचो. पण पोरं तो धडा विसरली नाहीत. वस्फी नावाचा आमचा विद्यार्थी तर नाहीच.

आमचं गाव नाईलच्या कालव्याकाठचं. समुद्र कुणीच पाहिलेला नाही. पाणी म्हणजे म्हशी डुंबतात ते, सपाट. नझमींनीही तसंच काढलं होतं.

शाळा संपली, काम मिळेना, तेव्हा वस्फी इटलीला जायचं म्हणून लिबियाच्या किनाऱ्यावर पोचला. दलालाने नावेचं माप सांगितलं. पठ्ठ्याने ते फोनमध्ये घेऊन ठेवलेल्या नझमींच्या प्रोग्राममध्ये घातलं, माणसं चढवली आणि आईला फोन केला, "अम्मा, घाबरू नकोस. मी करून पाहिलंय, नाव बुडत नाही."

नाव बुडाली. आईला पुरायला प्रेतसुद्धा मिळालं नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून उम्म वस्फी, म्हणजे वस्फीची आई, शाळेत आली. मी खुर्ची पुढे केली, तर बसली नाही.

"उस्ताद नझमी, ती नाव दाखवा मला."

"उम्म वस्फी, कशाला जिवाला त्रास?" मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा हो. माझं पोर खोटं बोललं का, तेवढंच बघायचंय मला."

नझमींनी बटण दाबलं. माणसं चढत गेली. नाव काठापर्यंत खाली बसली, पण तरंगत राहिली.

"कुठं बुडतीय? खोटं नव्हतं बोललं माझं पोर."

"नाही हो. चूक माझी." नझमी ढसाढसा रडायला लागले. "धडा सोपा व्हावा म्हणून मी लाटाच घातल्या नव्हत्या. थांबा, आत्ता घालतो."

तिने त्यांचं मनगट धरलं.

"उद्या घाला. बाकीच्या पोरांसाठी घालाच. आज नको."

मग तिने खुर्ची ओढली आणि स्क्रीनला नाक लावून बसली. सगळी माणसं एकसारखी होती, डोक्याच्या जागी नुसता गोळा.

"ह्यातला माझा कुठला?"

नझमींनी डोळे पुसले आणि सगळ्यात पुढच्यावर बोट ठेवलं.

"हा."

शाळा सुटली, पोरं घरी गेली, तरी ती त्याच्याकडेच बघत बसली होती. कॉम्प्युटर बंद करा, असं म्हणायची आमची दोघांचीही हिंमत झाली नाही.